आधी जेवण, मग आकडा

परवा घरी गॅस कंपनीतून फोन आला. पलीकडच्या मुलीनं नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारलं, "सर, मीटर रीडिंग सांगा." मी सांगितलं. म्हणजे ठोकून दिलं. मीटर मागच्या गॅलरीत, मी पुढच्या खोलीत, आणि माझे गुडघे हल्ली माझं ऐकत नाहीत. तिनं "थँक्यू सर" म्हणून फोन ठेवला आणि मला एकदम काकूजींची आठवण झाली. इतका हसलो की बायको आतून बघायला आली. काकूजी असत्या तर त्यांनी मला गॅलरीत पाठवलं असतं, आणि मी जाता जाता त्यांना आज भाजी कुठली होती तेही सांगितलं असतं.

काकूजी म्हणजे कमल धारकर. आमच्या ऑफिसात निम्मे मराठी होते, निम्मे हिंदीवाले. आम्ही काकू म्हणायचो. हिंदीवाल्यांना मोठ्या बाईला नुसतं काकू म्हणायचं म्हणजे बेअदबी वाटायची, म्हणून त्यांनी मागे जी लावला. पुढे आम्हीही काकूजीच म्हणायला लागलो. इंदूरला असंच असतं, कोणाचं काय कोणाला चिकटेल सांगता येत नाही.

ऑफिस परदेशीपुऱ्यात होतं, एका बंद मिलच्या भिंतीला लागून. मालक महेशजी. पूर्वी ते मिलला लागणारी मोजमापाची यंत्रं बनवायचे. सूत किती, कापड किती, वाफ किती. मग एकेक मिल बंद होत गेली आणि मोजायला काही उरलंच नाही. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. महेशजींनी बॅग भरली आणि मोजायचं काही आहे का मोजायचं, असं विचारत गावोगाव हिंडले. त्या दिवसांत सरकारनं गुजरातेतल्या जुन्या, लहान तेलविहिरी खासगी कंपन्यांना चालवायला द्यायला सुरुवात केली होती. त्यातल्या एका कंपनीला घरबसल्या कळायला हवं होतं की कुठल्या विहिरीतून रोज किती तेल निघतंय. महेशजींनी आयुष्यात तेल पाहिलं होतं ते फक्त कचोरीच्या कढईतलं. त्यांनी प्रश्न पुरता ऐकून घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "हो जाएगा भिया."

आणि झालंही. मी तिथे मीटर-इंजिनियर होतो, त्यामुळे कसं झालं ते मला ठाऊक आहे, पण ती कथा रडकी आहे. थोडक्यात सांगतो. विहिरीतून निघालेलं तेल मीटरमधून टाकीत जायचं. मीटरला आम्ही एक डबा जोडला होता. तो डबा टेलिफोनच्या तारेवरून आकडा इंदूरला पाठवायचा आणि आमच्या पडद्यावर तो उमटायचा. पण यंत्रावर डोळे मिटून विश्वास कोण ठेवणार? म्हणून दुसरी सोय अशी, की संध्याकाळी विहिरीवरच्या ऑपरेटरनं टाकीवर चढायचं, वरच्या झाकणातून टेप आत सोडायची आणि तेल कुठवर आलंय ते बघायचं. याला डिप घेणं म्हणतात. मग इंदूरहून फोन गेला की त्यानं तो आकडा सांगायचा. मीटरचा आकडा आणि टाकीचा आकडा जुळला तर ठीक, नाही जुळला तर शोधा. हा फोन करणारं माणूस म्हणजे काकूजी.

त्या आमच्याकडे आल्या कशा, तेही त्यांच्यासारखंच. बंद पडलेल्या मिलच्या टेलिफोन बोर्डवर त्यांची सगळी नोकरी झाली होती. यजमान त्याच मिलमध्ये, त्यामुळे घरातले दोन्ही पगार एकाच दिवशी थांबले. हे त्या कशा सांगायच्या माहीत आहे? "नवरा-बायकोला एकत्र सुट्टी कधी मिळते का कुठे? आम्हाला मिळाली. एकदम पक्की." महेशजी त्यांना मुलाखतीत विचारत होते की कॉम्प्युटर येतो का, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. काकूजींनी सवयीनं उचलला, "नमस्कार, कोण बोलतंय" म्हणाल्या, पलीकडच्या तापलेल्या गिऱ्हाइकाला थंड केलं, त्याच्या आईच्या ऑपरेशनची चौकशी केली आणि निरोप घेऊन ठेवून दिला. महेशजी बघतच राहिले. कॉम्प्युटरचा प्रश्न तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा पाण्याचा तांब्या आणि पडद्यासाठी दोऱ्यानं विणलेलं एक मोरपंखी कव्हर घेऊन आल्या. आम्हाला वाटलं, बायकी हौस. टीव्हीला कव्हर, फ्रीजला कव्हर, आता कॉम्प्युटरला. पण संध्याकाळी फोनला बसल्या की त्या आधी कव्हर पडद्यावर ओढायच्या आणि मगच नंबर फिरवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "समोर आकडा दिसला ना, की माझ्या आवाजात तो उतरतो. मग समोरचा तोच बोलतो. मिलमध्ये साहेबांच्या मनात काय आहे ते मला त्यांच्या हॅलोवरून समजायचं, तर ह्यांना माझं नाही समजणार?"

आणि आकडा त्या कधी पहिल्यांदा विचारायच्या नाहीत. आधी जेवण. काय खाल्लं, कोणी केलं, कढी आंबट झाली का, रोटल्याबरोबर काय होतं. विहिरीवरचे ऑपरेटर बिचारे दिवसभर उन्हात एका हलत्या पंपाशेजारी एकटे बसलेले. त्यांना कोणी असं विचारणारं नव्हतं. ते खुलून बोलायचे. काकूजींचं हिंदी मराठी वळणाचं, त्यांचं गुजराती वळणाचं, पण पोटाच्या गोष्टीला कुठली भाषा अडवते? बोलता बोलता मध्येच त्या हळूच विचारायच्या, "और टंकी क्या बोल रही है?" मग आकडा यायचा. तो लिहून घेतला की फोन खाली, कव्हर वर, आणि जुळणी. मला म्हणायच्या, "माणूस जेवणाबद्दल खोटं बोलत नाही. एकदा खरं बोलायला लागला की तोंडाला तीच चाल लागते. मग आकडाही खराच येतो."

आता हे शास्त्र आहे का, मला विचारू नका. मी इंजिनियर आहे. पण त्यांच्या जुळण्या चुकायच्या नाहीत हे मी पाहिलंय.

एकदा जयंती नावाच्या ऑपरेटरनं स्वतःच आधी फोन करून आकडा दिला. बिनचूक वाटावा असा. काकूजींनी लिहिला नाही. कानाला फोन तसाच धरून त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि गोड आवाजात विचारलं, "जयंतीभाई, टंकी पे बैंड कहां से आया?" जयंती चुलतभावाच्या वरातीत होता आणि गावातल्या टेलिफोन बूथवरून मनानंच डिप देत होता. काकूजींनी त्याला झापलं नाही. नवरी कुठली, जेवणात काय आहे, हे सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या की आता जा, टाकीवर चढ, मी इथेच बसले आहे. तो गेला. फेटा बांधलेला, नवा कुडता, कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून. तासाभरानं धापा टाकत त्याचा फोन आला तेव्हा ऑफिसात दोघंच उरलो होतो, काकूजी आणि मी. मी थांबलो ते खरं तर जेवणात काय होतं ते ऐकायला.

काकूजी चुकायच्याही. बेचरभाई म्हणून सगळ्यात जुना ऑपरेटर होता, पन्नाशीतला, बोलायला अगदी सावकाश. त्याचा आवाज घोगरा यायला लागला तशी काकूजींनी खोकल्याचं निदान करून टाकलं. सुंठ, ज्येष्ठमध, काय काय कुटून पुडी केली आणि मी साइटवर जात होतो तर माझ्या बॅगेत कोंबली. महिनाभरानं आवाज स्वच्छ झाला. काकूजी ऑफिसभर मिरवल्या. मग कधीतरी बेचरभाईनं मला लाजत सांगितलं की खोकला नव्हताच, तोंडात तंबाखू असायची. आता काकूजींचा फोन येणार म्हटलं की आधी थुंकून घेतो. मी आल्या आल्या काकूजींना सांगितलं, म्हटलं आता तरी पडतील तोंडघशी. त्या म्हणाल्या, "म्हणजे औषध लागू पडलंच की."

सगळं असं मजेत चाललं होतं, आणि कंपनीनं आम्हाला आणखी विहिरी दिल्या.

महेशजी माणूस सोन्यासारखा, पण पायाला चाकं. एवढे फोन, आणि प्रत्येक फोनवर कढी-रोटल्याचं कीर्तन, हे त्यांना बघवेना. एके दिवशी ते स्वतः काकूजींच्या खुर्चीवर बसले. कव्हर काढलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं, नंबर फिरवला आणि म्हणाले, "मीटरचा आकडा इतका आहे. टाकीचा तेवढाच ना? बराबर?" पलीकडून आलं, बराबर. दुसरा फोन, बराबर. तिसरा, बराबर. सगळे फोन चहा थंड व्हायच्या आत झाले. उद्यापासून असंच, असा हुकूम सुटला. काकूजी भांडल्या, चांगल्या भांडल्या, पण मालक तो मालक.

मग काय विचारता! रोज सगळं जुळायला लागलं. कणभर फरक नाही. कंपनीनं शाबासकीचं पत्र पाठवलं. महेशजींनी ऑफिसात कचोऱ्या वाटल्या. काकूजींनी कचोरी घेतली नाही, आणि हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. महेशजींनी आग्रह केला तेव्हा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सगळ्यांचं सगळं जुळतंय ना महेशजी, म्हणजे टाकीवर कोणी चढत नाहीये."

महेशजी हसले. आम्हीही हसलो थोडंसं, तोंडात कचोरी होती.

मग बेचरभाईच्या विहिरीवरून तेल भरून नेणाऱ्या टँकरमध्ये तेल कमी भरायला लागलं. मीटर म्हणतं टाकी भरली आहे, रोजचा डिप म्हणतो भरली आहे, आणि प्रत्यक्ष उपसायला जावं तर तेल कमी. एकदा झालं, दोनदा झालं. कंपनीनं सरळ हिशेब केला. तेल निघालं हे यंत्र सांगतंय, टाकीत पोचलं हे बेचरभाई सांगतोय, मग गेलं कुठे? बेचरभाईनं विकलं. त्याला चोर ठरवून काढून टाकायचं ठरलं. त्याआधी यंत्राचा पुरावा हातात घ्यायला कंपनीचे मेहतासाहेब स्वतः इंदूरला यायचे होते.

नोकरी जाणार हे तर होतंच. पण काकूजींना जेवणाच्या गप्पांमधून आणखी एक गोष्ट माहीत होती, जी आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. बेचरभाईच्या मुलीचं, गौरीचं, लग्न ठरलं होतं. सासरचे लोक नाकानं कांदे सोलणारे. चोराच्या घरची मुलगी त्यांनी केली नसती.

त्या संध्याकाळी काकूजींनी कोणालाही न विचारता बेचरभाईला फोन लावला. नेहमीसारखं विचारलं, काय जेवलात. मी शेजारी होतो, फोनमधून मला त्याचा तो सावकाश आवाज ऐकू आला, "काकूजी, हुं चोर नथी." एवढंच. जेवणाचं त्यानं सांगितलंच नाही. काकूजींनी फोन ठेवला, पदर खोचला आणि महेशजींच्या केबिनमध्ये शिरल्या. दार लावायचं राहिलं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"तो चोर नाहीये महेशजी. आळशी आहे. आणि आळशी त्याला आपण केलंय. तुम्ही त्याला रोज आकडा आयता सांगितला, तो रोज हो म्हणाला. तो टाकीवर चढलाच नाहीये कधीचा. तेल गेलं का कुठे, की आलंच नाही, हे कोणाला माहीत आहे? सांगा, कोणाला?"

महेशजी उठून बाहेर आले. त्यांनी काकूजींच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि मोरपंखी कव्हर काढून टेबलावर ठेवलं. हा माणूस मला तेव्हापासून जास्त आवडायला लागला. चूक कळली की फार वेळ लावायचे नाहीत.

मेहतासाहेब आले ते कडक इस्त्रीत आणि घाईत. काकूजींनी त्यांना बसवलं, आधी जेवायला घातलं. घरून डबा आणला होता, पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी. साहेबांची इस्त्री जरा सैल झाल्यावर काकूजींनी आपला बेत सांगितला. बेचरभाईला उद्या विहिरीपासून लांब बसवा. टाकीवर तुमचा स्वतःचा विश्वासाचा माणूस चढवा. टाकीतून तेल बाहेर काढायचा कॉक बंद करून त्याला सील ठोका. तुमच्या माणसानं सकाळी डिप घ्यायचा, तिथेच बसून राहायचं, संध्याकाळी पुन्हा घ्यायचा. इथला पडदा मी झाकते, त्याला काही सांगायचं नाही. शेवटी दोन्ही उघडू. साहेबांना यात नाही म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. जेवून बसलेला माणूस तसंही नाही कमी म्हणतो.

दुसऱ्या दिवशी तसं केलं. दिवसभर ऑफिसात कोणाचं कामात लक्ष नव्हतं. महेशजी सारखे पडद्याजवळ घुटमळायचे आणि काकूजी त्यांना डोळ्यांनी हाकलायच्या. संध्याकाळी साहेबांच्या माणसाचा फोन आला. त्याला काकूजींनी आधी जेवणाचं विचारलंच. त्यानं टाकीत किती तेल वाढलं ते सांगितलं, साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. मग काकूजींनी कव्हर उचललं.

मीटरनं कितीतरी जास्त तेल मोजलं होतं. टाकीला सील, वर साहेबांचाच माणूस बसलेला, बेचरभाई तिथे नाही, आणि तरी तेल कमी!

मग माझं काम सुरू झालं. मी तिथे गेलो आणि उलगडा झाला. विहीर जुनी, तेलाबरोबर गॅस यायला लागला होता. तेलातून गॅस वेगळा काढणारं भांडं बिघडलं होतं, त्यामुळे गॅसचे बुडबुडे तेलाबरोबर मीटरमधून जात होते. मीटर बिचारं त्यांनाही तेल समजून मोजत होतं. रोज कोणी खरा डिप घेतला असता तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. मेहतासाहेबांनी बेचरभाईला बोलावून, आजपासून रोज टाकीवर चढायचं अशी तंबी दिली आणि कामावर ठेवलं. चोरीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आमच्याकडे कव्हर पडद्यावर आलं आणि कीर्तन पुन्हा सुरू झालं. त्या संध्याकाळी बेचरभाईनं काकूजींना पाव तास खिचडीचं वर्णन सांगितलं. महेशजी समोर उभे होते, पण घड्याळाकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

काकूजी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. आमचं ते काम तर त्याआधीच संपलं. पुढे सगळं उपग्रहावरून व्हायला लागलं आणि फोनची गरज उरली नाही. त्यांच्या घरच्यांनी भिंतीवर फोटो लावलाय तो गंभीर चेहऱ्याचा, तोंड मिटलेला. काकूजींचं मिटलेलं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे तो फोटो मला कोणा दुसऱ्याच बाईंचा वाटतो. मला त्या दिसतात त्या गौरीच्या लग्नातल्या.

बेचरभाईनं पत्रिका पाठवली होती, वर स्वतः फोन करून जेवणातले सगळे पदार्थ वाचून दाखवले होते. मग काकूजी राहतात होय! माझी त्या भागात खेप होतीच, त्या माझ्याबरोबर आल्या. इतकी वर्षं ज्याच्याशी रोज बोलल्या त्या माणसाला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते मांडवात, आणि ओळखलं नाही. तो बोलल्यावर ओळखलं. मग दोघंही नुसते हसत उभे राहिले. मी उगीचच पाणी प्यायला गेलो.

संध्याकाळ झाली. वरात दाराशी आली होती, बँड वाजत होता, आणि बेचरभाईची चुळबुळ सुरू झाली. व्याह्यांशी बोलताना त्याची नजर सारखी शेताच्या पलीकडे टाकीकडे जायची. डिपची वेळ झाली होती. बदलीचा माणूस जयंती, तो वरातीत नाचत होता. काकूजींनी ओळखलं. "तुम्ही मुलीकडे बघा," त्यांनी सांगितलं, "टंकी मैं देखती हूं."

मी त्यांना घेऊन गेलो. समोर विहीर. तिच्यावर मान वर-खाली करणारा एक पंप, बाजूला टाकी, टाकीला लोखंडी शिडी. काकूजी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "एवढंसंच?" म्हणाल्या. "मला वाटलं कारंजं उडत असेल." मग त्यांनी चपला काढल्या, लग्नातल्या पैठणीचा काचा मारला आणि शिडीला हात घातला. मी म्हटलं, काकूजी, मी चढतो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. धापा टाकत वर गेल्या, झाकण उघडलं, नाक मुरडलं, टेप सोडली, वर ओढली आणि डोळे बारीक करून वाचली. खाली मीटरपाशी मी उभा होतो. तोंड उघडणार तेवढ्यात वरून आवाज आला, "तुमचा सांगू नका!"

खाली शेडमध्ये फोन होता. इंदूरला पलीकडे महेशजी स्वतः बसले होते, कारण त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. त्यांचा आवाज मोठा, मलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"हां, आकडा बोला."

काकूजींनी आकडा दिला नाही. डाव्या हातात फोन, आणि काळ्या तेलानं भरलेला उजवा हात पैठणीला लागू नये म्हणून लांब धरलेला. तशाच उभ्या राहिल्या. मागे बँड जोरात वाजत होता.

पलीकडे महेशजींनी घसा साफ केला.

"काकूजी," ते म्हणाले, "खाना हुआ?"

"अजून कुठे," काकूजी म्हणाल्या, आणि शेडमधला स्टूल पायानं ओढून त्यावर ऐसपैस बसल्या. "पण काय काय आहे ते सांगते. ऐका."